एका पाटीवरच्या चार लिप्या

दिल्लीचा इतिहास सांगण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक राजांची आणि दुसरी इमारतींची. कोणता वंश केव्हा आला, कोणी कोणता किल्ला बांधला, कोणाची कबर कोठे आहे, या क्रमाने हे नगर आपल्याला दाखविले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु अक्षरे रेखाटून आणि त्यांची मांडणी करून ज्यांचा चरितार्थ चालतो, अशा आम्हा मंडळींना आणखी एक रीत सुचते. या नगरात कोणी, कशावर, कोणत्या लिपीत आणि कोणाच्या शेजारी लिहिले, याचा माग काढीत गेले तरी दिल्लीचा इतिहास हाती लागतो. त्यात लढाया कमी आणि कारागीर अधिक भेटतात, एवढाच काय तो फरक.

दिल्लीतील रस्त्यांच्या नावांच्या पाट्या वाचकांनी पाहिल्या असतीलच. अनेक पाट्यांवर एकच नाव चार वेळा लिहिलेले असते: देवनागरीत, रोमन लिपीत, गुरुमुखीत आणि उर्दूत. येणारा-जाणारा आपल्या ओळखीची ओळ वाचतो आणि पुढे जातो. पण या चार ओळी एका पत्र्यावर बसविणे, हे दिसते तितके सोपे काम नाही. देवनागरी आणि गुरुमुखी शिरोरेषेला टांगलेल्या लिप्या. त्यांना वर मात्रा-वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी मोकळीक लागते. रोमन अक्षरे जमिनीवर उभी राहावी तशी तळरेषेवर उभी असतात. उर्दूची नस्तालिक तर उजवीकडून डावीकडे जाते आणि जाता जाता वरून खाली उतरते. तिचा प्रत्येक शब्द म्हणजे एक लहानसा उतार असतो. या चौघींना सारख्याच उंचीची पट्टी आखून दिली की कागदोपत्री समता होते. प्रत्यक्षात मात्र नस्तालिकचा उतार आखडतो, देवनागरीचे उकार कापले जातात आणि रोमन तेवढी ऐसपैस बसते.

आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. अनेक समाजांच्या नगरात काम करणाऱ्या कलावंताचा धर्म या पाटीत दिसतो. प्रत्येक लिपीची गरज ओळखून तिला जागा द्यावयाची, तर त्या प्रत्येक लिपीशी हाताची ओळख हवी. दिल्लीत ही ओळख कोणाच्या उपदेशाने आली नाही. लिहिणाऱ्यांनी ती पिढ्यानुपिढ्या कमावली. आज ते हात झपाट्याने थांबत आहेत, म्हणून त्यांची हकिकत सांगून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रारंभ कुतुबमिनारापासून करू. त्या एकाच आवारात तीन काळांची अक्षरे उभी आहेत. लोहस्तंभावर चंद्र नावाच्या राजाचा संस्कृत लेख गुप्तकालीन ब्राह्मीत कोरलेला आहे. हा चंद्र म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असे विद्वान सामान्यतः मानतात. शेजारच्या मिनाराभोवती अरबी अक्षरांचे रुंद पट्टे आहेत. दगडात कोरलेली अक्षरे वेलबुट्टीइतकी लवचिक कशी होतात, हे पाहावयाचे असेल त्याने ते पट्टे पाहावेत. याच मिनारावर, पाहुण्यांच्या सहसा लक्षात न येणाऱ्या जागी, नागरी लिपीतील काही लहान लेख आहेत. चौदाव्या शतकात वीज पडून मिनाराचा वरचा भाग मोडला आणि फिरोजशहा तुघलकाच्या कारकिर्दीत, १३६९ च्या सुमारास, त्याची दुरुस्ती झाली. ती करणाऱ्या शिल्पींनी आपली नावे आणि विश्वकर्म्याचे स्मरण नागरीत कोरून ठेवले. सुलतानाच्या मिनारावर विश्वकर्म्याचे नाव आले आणि ते तेथे राहिले. मोठे पट्टे सत्तेचे आहेत आणि लहान ओळी कारागिरांच्या आहेत, हे खरे. तरी दोन्ही एकाच दगडावर आहेत.

मराठी अक्षरे दिल्लीत आली ती दगडावर नव्हे, कागदावर. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातील मंडळी दिल्लीत राहत असत. बादशहाच्या दरबारातील व्यवहार फार्सीत चाले. फर्माने फार्सीत निघत. त्या सर्वांची बातमी पुण्यास जाई ती मराठीत, मोडी लिपीत. मोडीचे वैशिष्ट्य वाचकांस ठाऊक आहे. आधी पानभर शिरोरेषा आखावयाची आणि मग हात न उचलता खाली अक्षरे लिहीत जावयाची. फार्सीच्या घाईच्या लिखाणाला शिकस्ता म्हणजे मोडलेले म्हणत. मोडी हे नावही मोडण्यावरूनच आले, असे पुष्कळांचे मत आहे. दोन निराळ्या वंशांच्या लिप्या, पण कारकुनाची घाई दोघींनाही सारखीच वळण देऊन गेली. १७८४ मध्ये बादशहाने पेशव्यांस वकील-इ-मुतलक ही पदवी दिली आणि महादजी शिंदे त्यांच्या वतीने दिल्लीचा कारभार पाहू लागले, तेव्हा या दोन लिप्यांचा शेजार अधिकच निकटचा झाला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या रणात जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि तो अध्याय संपला. ज्या भागात ही लढाई झाली, तेथे आज नोएडाची वस्ती पसरली आहे.

यानंतरची दिल्ली पराभूत होती, पण निरक्षर नव्हती. अखेरचा बादशहा बहादुरशहा जफर स्वतः उत्तम खुशनवीस होता. शहरात शिळाछापाचे छापखाने निघाले होते. खिळ्यांच्या छपाईत नस्तालिकचा उतार नीट साधत नसे. शिळाछापात मात्र कातिबाने लिहिलेले पान जसेच्या तसे दगडावर उतरविता येई. त्यामुळे उर्दूच्या जगात छापखान्याने लेखकाचा हात मारला नाही, उलट त्याला काम दिले. 'दिल्ली उर्दू अखबार' असाच निघाला. सर सय्यद अहमद खानांनी १८४७ साली दिल्लीच्या इमारतींवर 'आसार-उस्-सनादीद' हा ग्रंथ काढला. त्यासाठी कुतुबमिनारावरील लेख उतरविताना ते टोपलीत बसून वर टांगून घेत, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात येते. अक्षरासाठी इतका जीव धोक्यात घालणारे नगर होते ते.

१८५७ ने या सर्वांवर घाला घातला. 'दिल्ली उर्दू अखबार'चे मौलवी मुहम्मद बाकर यांना देहान्त शासन झाले. पंजाकश या नावाने प्रसिद्ध असलेले वृद्ध लिपिकार सय्यद मुहम्मद अमीर रिझवी हे इंग्रजी फौजेने शहर घेतले तेव्हा मारले गेले. त्यांच्या हातची अक्षरे लोक सोन्याच्या मोलाने जपत. नगर पडते तेव्हा वाडे आणि बुरूज यांचा हिशेब होतो. कित्ते गिरवून घेणारे गुरू किती गेले, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

तरीही विद्या सर्वस्वी बुडाली नाही. ती कोणत्या घरात टिकून राहिली, हे पाहिले म्हणजे दिल्लीचा स्वभाव कळतो. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांचा जन्म १९०१ साली दिल्लीच्या एका सक्सेना कुटुंबात झाला. आईवडील लवकर गेल्याने आजोबा रामप्रसाद सक्सेना यांनी त्यांना वाढविले. आजोबा फार्सीचे आणि इंग्रजीचे जाणकार. नातवाला अक्षराचे वळण त्यांनीच लावले. पुढे भारताची राज्यघटना तयार होत आली, तेव्हा तिची इंग्रजी प्रत हाताने लिहिण्याचे काम याच रायजादांकडे आले. ३९५ अनुच्छेद आणि ८ परिशिष्टे त्यांनी सुमारे सहा महिने बसून, टाक आणि शाई घेऊन, तिरप्या रोमन अक्षरांत लिहून काढली. मोबदला म्हणून पैसा न घेता, आपले नाव प्रत्येक पानावर आणि आजोबांचे नाव शेवटच्या पानावर असावे एवढीच अट त्यांनी घातली, असे त्यांच्या घरचे सांगत आले आहेत. फार्सीच्या पंडिताने हिंदू घरात घडविलेला हात, त्या हातातून उतरलेली रोमन अक्षरे आणि त्या अक्षरांत प्रजासत्ताकाचा कायदा. दिल्लीची याहून नेमकी ओळख आम्हांस तरी देता येत नाही.

घटनेची हिंदी प्रत देवनागरीत लिहिली ती वसंत कृष्ण वैद्य यांनी. हे नाव मराठी कानाला परके वाटणार नाही, पण मराठी घरांत ते क्वचितच उच्चारले जाते. ज्या देशात लक्षावधी लोकांना संविधानाची शपथ तोंडपाठ आहे, त्या देशात संविधान लिहिणाऱ्या हाताचे नाव विचारावे लागते, ही गोष्ट आम्हा अक्षरांच्या धंद्यातील लोकांस खटकल्यावाचून राहत नाही.

पानांची सजावट नंदलाल बसू यांच्या देखरेखीखाली शांतिनिकेतनच्या कलावंतांनी केली. घटनेच्या २२ भागांच्या आरंभी जी चित्रे आहेत, त्यांत मोहेंजोदडोचा वृषभ आहे, अकबराचा दरबार आहे, लक्ष्मीबाई आणि टिपू सुलतान आहेत, आणि निवडणुकांच्या भागाच्या माथ्यावर शिवछत्रपती व गुरू गोविंदसिंग शेजारी शेजारी आहेत. २४ जानेवारी १९५० रोजी सभासदांनी सह्या केल्या त्या तीन प्रतींवर: हस्तलिखित इंग्रजी, छापील इंग्रजी आणि हस्तलिखित हिंदी. राजेंद्रप्रसादांनी आपली सही देवनागरीत आणि रोमनमध्ये, अशी दोन्ही लिप्यांत केली. पुढे या हस्तलिखितांवरून देहरादूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात प्रती छापल्या गेल्या, आणि मूळ प्रती आज संसदेच्या ग्रंथालयात निष्क्रिय वायूने भरलेल्या हवाबंद पेट्यांत जपलेल्या आहेत.

त्याच घटनासभेत अक्षरांवरून वादही झाला, हे विसरून चालणार नाही. १४ सप्टेंबर १९४९ रोजी जी तडजोड मान्य झाली, तिच्याप्रमाणे संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी ठरली, आणि अंक मात्र आंतरराष्ट्रीय रूपाचे ठरले. दहा चिन्हांवरून एवढा खल व्हावा, याचे पुष्कळांना हसू येते. आम्हांस येत नाही. लिपी हे केवळ साधन असते तर तिच्यावरून कोणी भांडले नसते. पाटीवरून आपली ओळ पुसली गेली की माणसाला आपणच पुसले गेलो असे वाटते, आणि त्या वाटण्याला अर्थ आहे.

देवनागरीच्या घरातही सारे एकसारखे नव्हते. उत्तरेकडे अ, झ आणि ण यांची एक रूपे होती, मुंबईकडे दुसरी. निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये जावजी दादाजींनी काढला. त्याच्या आणि मुंबईच्या इतर ओतशाळांच्या खिळ्यांनी छापलेले संस्कृत ग्रंथ देशभर गेले आणि त्यांबरोबर मुंबईची वळणेही गेली. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ साली मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली, तीत अ, झ, ण यांची मुंबईकडील रूपे स्वीकारली गेली. आज दिल्लीतील कोणतेही हिंदी पाठ्यपुस्तक उघडले तर ही तीन अक्षरे मराठी वळणाचीच दिसतील. ल आणि श यांच्या बाबतीत मात्र हिंदीने आपले वळण ठेवले आणि मराठीने आपले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी ल आणि श ची रूपे निश्चित केली. बृहन्महाराष्ट्रात ज्यांनी मराठी अंक छापून काढले आहेत, त्यांना हिंदी छापखान्यातील खिळ्यांच्या पेटीत ळ शोधण्याचे आणि 'वाऱ्यावर' मधला र जुळविण्याचे कष्ट निराळे सांगावयास नकोत. मोठ्या भाषेच्या शेजारी राहणाऱ्या लहान समाजाला आपले एखादे अक्षर सांभाळण्यासाठीही किती धडपडावे लागते, हे त्यांना ठाऊक आहे.

फाळणीनंतर दिल्लीची पाटी नव्याने लिहिली गेली. लाहोरहून आणि पश्चिम पंजाबातून निर्वासित आले, आणि त्यांच्याबरोबर गुरुमुखी जाणणारे, तसेच उर्दूतच लिहिणारे पंजाबी हिंदू आणि शीख आले. कलावंतही आले. १९४९ साली स्थापन झालेल्या 'दिल्ली शिल्पी चक्र' या संस्थेच्या संस्थापकांची नावे पाहा: आसामात जन्मलेले आणि लाहोरला शिकवून आलेले बंगाली भवेशचंद्र सान्याल, पंजाबी शिल्पकार धनराज भगत, आणि बेळगावकडचे, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले कृ. शा. कुलकर्णी. कुलकर्णी दिल्ली पॉलिटेक्निकच्या कला विभागात शिकवीत; हाच विभाग पुढे कला महाविद्यालय झाला. व्यापारी कला, म्हणजे जाहिराती, वेष्टने आणि पुस्तकांची मुखपृष्ठे यांची कला, हिला चित्रकलेच्या पंक्तीला बसविण्याचे काम अशा संस्थांनी केले.

सरकारला तर ही कला रोजच्या भाकरीसारखी लागत होती. १९५५ पासून विज्ञापन आणि दृश्य प्रचार संचालनालय या नावाने चाललेले खाते, २०१७ मध्ये दुसऱ्या खात्यांत विलीन होईपर्यंत, एकच भित्तिपत्रक अनेक भाषांत काढीत असे. चित्र तेच, पण तमिळमध्ये ओळ लांबते, उर्दूत दिशा उलटते, मराठीत जोडाक्षर खाली उतरते. या अडचणीतून दिल्लीतच एक लख्ख उत्तर निघाले. कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी दीप त्यागी यांनी उलटा लाल त्रिकोण हे चिन्ह योजिले. त्यात अक्षर नाही. गावचा रंगारीही ते गेरूने भिंतीवर काढू शकेल, आणि वाचता न येणाऱ्याला ते ओळखता येईल. चिन्हाची ती मोठीच ताकद होती. परंतु त्रिकोणाला नाव लिहिता येत नाही, पत्ता सांगता येत नाही. नगराला शेवटी अक्षरेच लागतात.

ती अक्षरे दुकानांवर, ट्रकांवर, सायकलरिक्षांवर आणि शाळांच्या भिंतींवर काढली ती पेंटरांनी. उर्दू पुस्तकांत लिहिली ती जामा मशिदीजवळच्या उर्दू बाजारातील कातिबांनी. दुसऱ्याच्या लिपीचे काम आले की ती शिकून घेणे, हा पेंटरांच्या पोटाचा प्रश्न होता. मिठाईवाल्याची देवनागरी, औषधवाल्याची रोमन, हकिमाची नस्तालिक आणि गुरुद्वाराच्या लंगरची गुरुमुखी हाताळणाऱ्याला एकेका लिपीचा तोल कोठे आहे हे बोटांनी कळे. देवनागरीच्या बोरूचा काप आणि रोमन टाकाचा काप एका दिशेचे नसतात, हे त्याला कोणी पुस्तकात शिकविले नव्हते.

मग संगणक आला. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने नूरी नस्तालिक सिद्ध केली. जोडून येणारे सुमारे वीस हजार अक्षरसमूह त्यांनी हाताने लिहून यंत्रासाठी तयार केले. १९९४ मध्ये दिल्लीच्याच एका कंपनीने 'इनपेज' हा कार्यक्रम काढला आणि उर्दूची वृत्तपत्रे व पुस्तके त्यावर जुळू लागली. शिळाछापाने जो कातिबाचा हात दीडशे वर्षे जगविला, त्याचे काम काही वर्षांतच सरले. आम्ही यंत्राला दोष देत नाही. नूरी नस्तालिक नसती तर उर्दूला छपाईच्या नव्या जगात जागा मिळणे कठीण होते. पण तिच्यातही एका माणसाने हाताने लिहिलेलीच अक्षरे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

देवनागरीचेही तसेच. मुंबईचे रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकासाठी 'मंगल' हे अक्षरवळण घडविले. दिल्लीतील मंत्रालयांतून निघणारी असंख्य हिंदी पत्रे गेली अनेक वर्षे याच वळणात टंकलिखित होत आली आहेत. एके काळी दिल्लीहून पुण्यास मोडी पत्रे जात. आता मराठी माणसाने रेखाटलेली अक्षरे दिल्लीच्या सरकारी कागदावरून देशभर जातात, आणि पत्र लिहिणाऱ्यास किंवा वाचणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो.

पाटीवरील अक्षरांची आठवण राखण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांनी केला. बडोद्यास कलाशिक्षण घेऊन ते दिल्लीस आले, आणि रस्त्यावरील पेंटरांची वळणे त्यांच्याकडूनच लिहून घेऊन, त्यांच्याच नावाने, ती संगणकावर आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले. पुढे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर लोधी कॉलनीच्या भिंतींवर देशोदेशींच्या चित्रकारांकडून चित्रे काढविली. इंग्रजी अमदानीच्या अखेरीस सरकारी नोकरांसाठी बांधलेल्या त्या वसाहतीत आता लोक चित्रे पाहावयास जातात. अनामिक कारागिराला नाव देण्याची त्यांची वृत्ती आम्हांस कुतुबमिनारावरील त्या लहान नागरी ओळींच्या जवळची वाटते.

आता मूळ पाटीकडे येऊ. २००० च्या कायद्याने दिल्लीत हिंदीबरोबर पंजाबी आणि उर्दू यांना दुय्यम राजभाषांचे स्थान मिळाले. हक्क कायद्याने दिला. पाटी मात्र संगणकापुढे बसलेला कोणी तरी तयार करतो, आणि बहुधा त्याला चारांपैकी दोनच लिप्या वाचता येतात. उरलेल्या दोन तो कोठून तरी उचलून चिकटवितो. नुक्ता निसटला, अक्षर तुटले, तरी त्याला ते दिसत नाही. पाटीवर चारही लिप्या असतात, पण त्यांतल्या दोघींना पाहणारा डोळा तेथे नसतो. पूर्वीच्या पेंटराला शाळा कमी होती, पण तो चारही ओळी स्वतःच्या हाताने काढीत असे. आणि जे आपण हाताने काढतो, ते आपल्याला सर्वस्वी परके राहत नाही.

म्हणून कलाशाळांतून एक साधी गोष्ट व्हावी, असे आम्हांस वाटते. दिल्लीत दृश्यकलेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या लिपीखेरीज या नगरातील निदान एक लिपी टाकाने गिरवावी. ती भाषा त्याला बोलता यावी असा आग्रह नाही. तिची अक्षरे कोठे जाड होतात, कोठे श्वास घेतात, एवढे त्याच्या हाताला कळले तरी पुरे. आणि आपल्या मराठी मंडळांतून बालवर्ग चालतात, तेथे मुलांना ळ, आणि मराठी वळणाचे ल व श, बोरूने गिरवावयास द्यावेत. जमल्यास त्याच वहीत एक पान गुरुमुखीचे आणि एक उर्दूचे असावे. पाहुण्या मुलखात आपले अक्षर जपावयाचे, तर शेजाऱ्याच्या अक्षराला जागा कशी द्यावी हेही शिकलेच पाहिजे. पंजाकशांचे कित्ते गेले, वैद्यांचे नाव विस्मरणात गेले. पण कित्ता गिरविण्याची रीत अजून आपल्या हाती आहे, आणि तिला एक बोरू, एक दौत व थोडा वेळ याहून अधिक काही लागत नाही.